लेखक वारले कधी? एका ग्रंथालयाच्या डिजिटायझेशनच्या नोंदी, सांगली

८ सप्टेंबर २०२५

काम आजपासून रीतसर सुरू. पितृपक्ष लागलाय, नवं काम आत्ता नको, असं शिपाईमामांचं मत. मॅडम म्हणाल्या, "गेलेल्या लेखकांचंच काम आहे, याहून चांगला मुहूर्त कुठला?" मामा गप्प.

हद्द अशी ठरली: कॉलेजच्या ग्रंथालयातली १९६२ पूर्वीची मराठी पुस्तकं. रेघ १९६२ वर मारायचं कारण एवढंच, की त्या साली शिवाजी विद्यापीठ झालं आणि आमच्या दाखल नोंदवहीचा नवा खंडही तिथून सुरू होतो. हा संग्रह २०१९ पर्यंत तळमजल्यावर होता. त्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. खालचे दोन खण गेले, वरचे वाचले. वाचलेलं सगळं आता दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि कपाट उघडलं की अजून तो चिखलाचा वास येतो.

एका एजन्सीचं दरपत्रक आलं होतं. दर स्वस्त, पण अट अशी, की पुस्तकाचा पुठ्ठा कापून पानं सुटी करायची, म्हणजे स्कॅनरच्या फीडरमधून भराभर जातात. दुसरी प्रत कुठे आहे याची खात्री नसताना हे करणं म्हणजे कसाईकाम. नाही म्हणून कळवलं.

१२ सप्टेंबर

पाळणा आला. पाळणा म्हणजे व्ही आकाराचा स्टँड: पुस्तक अर्धंच उघडायचं, वरून काच टेकवायची, दोन बाजूंना दोन कॅमेरे. पुस्तक पूर्ण उताणं करावं लागत नाही, त्यामुळे कण्यावर ताण येत नाही. पान मात्र हातानंच उलटायचं. लोकांना वाटतं की हे काम यंत्र करतं. गूगलनं लाखोंनी पुस्तकं स्कॅन केली तीही माणसांनी पानं उलटूनच. त्यांची खुबी वेगळी होती: २००९ साली मिळालेल्या त्यांच्या पेटंटात पानावर अवरक्त किरणांची नक्षी टाकून पानाचा बाक मोजायचा आणि तो नंतर संगणकानं सपाट करायचा, अशी युक्ती आहे. काच टेकवण्याचा वेळ वाचतो. आपल्याकडे काच आहे, वेळही आहे.

साठवणीचा हिशेब फळ्यावर मांडून ठेवला, कारण कार्यालय विचारणारच. डेमी आकाराचं पान साडेपाच बाय साडेआठ इंच. ४०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ४०० बिंदू धरले तर, २२०० गुणिले ३४००, म्हणजे सुमारे ७५ लाख बिंदू. रंगीत म्हणून प्रत्येकी तीन बाइट. एक पान साधारण २२ एमबी. तीनशे पानांचं पुस्तक पावणेसात जीबीच्या आत-बाहेर, हजार पुस्तकं पावणेसात टीबी. दर्जा न घालवता दाबलं तर साधारण निम्मं.

लेखनिकसाहेबांनी विचारलं, काळं-पांढरं केलं तर? जागा खूपच कमी लागेल, खरं आहे. गूगलनं निव्वळ मजकुराची पानं ६०० डीपीआयला काळी-पांढरीच ठेवली. पण त्यात प्रत्येक बिंदू एक तर काळा नाही तर पांढरा. पेन्सिलीची फिकट खूण, पुसट शिक्का, तांबूस पडलेला कागद, काहीच उरत नाही. आमच्या पुस्तकांत छापलेल्या मजकुराइतकंच बाकीचंही वाचण्यासारखं आहे. रंगीत.

१९ सप्टेंबर

फाइलचं नाव म्हणजे दाखल क्रमांक, पुस्तक आलं तेव्हा नोंदवहीत पडलेला, बस. पुस्तकाचं नाव फाइलला द्यायचं नाही. एकाच नावाची चार पुस्तकं असतात, शिवाय देवनागरी नाव एका संगणकावर नीट दिसतं आणि दुसऱ्यावर चौकोन. दाखल क्रमांक एकदाच दिला जातो आणि पुस्तक रद्द झालं तरी दुसऱ्याला मिळत नाही. आमच्या नोंदवह्या लिहिणाऱ्या जुन्या कारकुनांचे उपकार आहेत: अक्षर मोत्यासारखं, किंमत आणे-पैशात, आणि "कोणाकडून" या रकान्यात दात्याचं नाव.

अडचण मुखपृष्ठाची. १९७० च्या दशकात कुणीतरी सगळ्या पुस्तकांची सरसकट बांधणी करून घेतली आहे. बाइंडरनं मूळ मुखपृष्ठं काढून टाकली, कडेनं दोरा घातला, आणि दोऱ्याखाली आतल्या बाजूची अक्षरं गेली. कित्येकांना शीर्षकपानच नाही. जिथे आहे तिथे प्रकाशनाच्या सालावर नेमका आमचाच जांभळा शिक्का.

म्हणून शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूची टेबलावर आणून ठेवली. एक खंड १८०० ते १९३७ चा, दुसरा १९३८ ते १९५० चा. एका माणसानं सुरू केलेलं हे काम आहे हे प्रत्येक वेळी पान उघडताना नव्यानं पटतं. साल, प्रकाशक, पृष्ठसंख्या जुळली की आमची नोंद पक्की.

२६ सप्टेंबर

आज आपटे दिवस.

आमच्या कार्डांवर "आपटे" या एका आडनावाखाली सगळ्या कादंबऱ्या एकत्र. ह. ना. आपटे आणि ना. ह. आपटे. हरि नारायण १९१९ साली वारले. नारायण हरि आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचे, ते १९७१ पर्यंत होते. वाचकाला फरक कादंबरीचं पहिलं पान वाचून कळतो, कार्डाला नाही.

आणि इथे या प्रकल्पातली खरी मेख आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं पुस्तकावर हक्क राहतो. साठ मोजायची ती मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून. आधी ही मुदत ५० होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, १९९१ अखेर त्यांचे हक्क संपत होते, तेव्हा ती ६० करण्यात आली. म्हणजे हरिभाऊ १ जानेवारी १९७० पासूनच मोकळे. नारायणरावांसाठी १ जानेवारी २०३२ उजाडावं लागेल. अक्षरांची जागा बदलली की साठेक वर्षांचा फरक.

स्कॅन दोघांचंही करता येतं. ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीनं ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना दिली आहे. कॉलेजचं ग्रंथालय त्यात मोडतं का, यावर मॅडमनी दोन वकिलांना विचारलं आणि दोन उत्तरं आणली. म्हणून आमचा नियम: मोकळ्या झालेल्या पुस्तकांची फाइल कुणालाही द्यायची, न झालेल्यांची फक्त वाचनकक्षातल्या एका संगणकावर, तीही उतरवून घेता येणार नाही अशी.

तक्त्यात आज नवा रकाना काढला: लेखकाचं मृत्युवर्ष. तो भरल्याशिवाय नोंद पुरी धरायची नाही.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. मामांनी पाळण्याला झेंडूचा हार घातला आणि काचेला हळदकुंकू लावलं. काच नंतर मीच पुसली, दोनदा. उद्या दसरा, काम बंद.

९ ऑक्टोबर

स्कॅन करण्याआधी कुठे आयतं मिळतंय का ते बघायचं ठरलं होतं, त्यात आठवडा गेला. पण गेला तो बरा.

पहिली पाहणी डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची. कार्नेगी मेलनचे राज रेड्डी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या पुढाकारातून झालेलं हे काम. मूळ संकेतस्थळ बंद पडलं, पण फाइली इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. मराठीचा साठा मोठा. मात्र नावं रोमन लिपीत कुणी कशीही लिहिलेली: एकच पुस्तक तीन स्पेलिंगांनी तीनदा, लेखकाच्या जागी प्रकाशक, साल शून्य. कुठे मधली सोळा पानं गायब, कुठे पान वाकडं. नावं ठेवायची माझी इच्छा नाही, कारण ते नसतं तर काहीच नसतं. पण स्कॅन झालं म्हणजे पुस्तक सापडलं असं होत नाही, हे तिथे बसून कुणालाही कळेल.

दुसरी पाहणी अमेरिकेतल्या विद्यापीठांची. डिसेंबर २००४ मध्ये गूगलनं मिशिगन, हार्वर्ड, स्टॅनफर्ड, ऑक्सफर्ड आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी यांचे संग्रह स्कॅन करायचं जाहीर केलं. एकट्या मिशिगनची पुस्तकं ७० लाखांच्या घरात. पुढे अशा विद्यापीठांनी आपापल्या फाइली २००८ साली हाथीट्रस्ट या सामायिक भांडारात ठेवल्या. त्यात मराठी शोधलं आणि थक्क झालो. सांगली-कोल्हापूरच्या छापखान्यांतली पुस्तकं तिथे!

ती गेली कशी, तर गव्हामुळे. पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखाली इथे आलेला गहू जुन्या माणसांना आठवत असेल. त्या धान्याचे पैसे अमेरिकेला रुपयांत मिळायचे आणि ते इथेच खर्च करणं भाग होतं. त्यातले काही रुपये १९६२ पासून भारतीय पुस्तकं घेण्यात गेले. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयानं ती विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना वाटली. आमच्या तालुक्यानं गहू खाल्ला आणि पुस्तकं मिशिगनला गेली. २०१९ च्या पुरात आमच्याकडून गेलेल्या एका स्थानिक कथासंग्रहाची प्रत तिथे जिवंत आहे. दिसते का? नाही. हक्क चालू म्हणून फक्त शोध घेता येतो: तुमचा शब्द कुठल्या पानावर आहे तेवढं सांगतात.

ते समजू शकतो. पण पुढची गंमत बघा. १९१० च्या आसपासची, लेखक कधीच वारलेले, आपल्या कायद्यानं पूर्ण मोकळी असलेली काही पुस्तकं तिकडच्या वाचकाला अख्खी उघडतात आणि सांगलीतून उघडली की कुलूप. कारण अमेरिकेत जुन्या पुस्तकांची मोजदाद प्रकाशनाच्या सालावरून होते, तर बाकीच्या देशांत लेखकाच्या मृत्यूवरून. लाखो लेखकांचे मृत्यू कोण शोधणार? म्हणून परदेशी पुस्तक फार जुनं नसेल तर ते अमेरिकेबाहेर सरसकट बंदच. गूगलवर लेखक संघटनेनं भरलेला खटला दहा वर्षं चालला, २०१५ साली अपिलात गूगलच्या बाजूनं निकाल लागला, मोठमोठे वकील झाले. आणि आमच्या वाचकाचं पुस्तक अडलंय ते कुणीतरी कोपऱ्यात एक साल लिहिलेलं नाही म्हणून.

आपला नवा रकाना किती कामाचा आहे हे आज सगळ्यांना वाचून दाखवलं.

१६ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्या फाइलींच्या चेकसम काढून ठेवल्या, म्हणजे फाइलीवरून काढलेला आकडा, फाइल बिघडली की तो बदलतो. तीन प्रती: एक ग्रंथालयात, एक कार्यालयाच्या इमारतीत, तिसरी पुण्यात. कोल्हापूर जवळ पडलं असतं, पण कृष्णेला पूर येतो तेव्हा पंचगंगा काही कोरडी नसते.

५ नोव्हेंबर

आज रंगभूमी दिन. १८४३ साली याच दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिला खेळ केला. गावभर नाटकाचं वातावरण, म्हणून आम्हीही नाटकांचं कपाट उघडलं.

या कपाटातली पुस्तकं वाचनासाठी नव्हतीच, तालमीसाठी होती. देवल, खाडिलकर, आणि आता नावंही कुणाला ठाऊक नसलेले नाटककार. हौशी मंडळ्यांनी वापरून वापरून त्यांची लक्तरं केली आहेत. प्रवेशच्या प्रवेश पेन्सिलीनं कापलेले, "इथे पेटी", "दिवा मंद", "रावसाहेब आले तरच हे पद" असे शेरे. एका पानावर सगळ्या पात्रांपुढे नटांची टोपणनावं आणि एकापुढे "येत नाही म्हणतो". काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये यातलं काहीही टिकलं नसतं. लेखनिकसाहेबांना मुद्दाम वर बोलावून दाखवलं. ते स्वतः जुने नट निघाले. तासभर हलले नाहीत.

मृत्युवर्षांच्या बाबतीत हे कपाट सोपं. देवल १९१६, खाडिलकर १९४८, दोघेही मोकळे. पण एका नाटकाच्या १९५० च्या दशकातल्या आवृत्तीचं मूळ मुखपृष्ठ चुकून वाचलंय आणि त्यावर दीनानाथ दलालांची सही. दलाल गेले १९७१ साली. म्हणजे नाटक मोकळं, चित्र २०३१ अखेरपर्यंत बंद. प्रस्तावना लिहिणारे तिसरेच, त्यांचं साल आणखी वेगळं. एका पुस्तकाला तीन मृत्युवर्षं! तक्त्यात रकाने वाढवले: मजकूर, चित्रं, प्रस्तावना, अनुवाद.

१८ नोव्हेंबर

ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारी यंत्रणा, लावून बघितलं. टेसरॅक्ट फुकट आहे, मराठी येतं, नव्या छपाईवर चांगलं चालतं. जुन्या खिळ्यांच्या छपाईवर मात्र अडखळतं. जोडाक्षरं उभी रचलेली, शाई पसरलेली, कागदाच्या मागची अक्षरं पुढे उमटलेली.

त्यातून १९६२ पूर्वीचं शुद्धलेखन. "घरांत", "नाहीं", "केलें". यंत्र हे अनुस्वार कधी ठेवतं, कधी धूळ समजून टाकतं. दोन विद्यार्थिनी मजकूर तपासताहेत, त्यांनी सुरुवातीला सगळे अनुस्वार "सुधारून" टाकायला घेतले होते. थांबवलं. मजकूर छापलाय तसाच राहील. शोधासाठी वेगळी अनुक्रमणी, तीत अनुस्वार काढून टाकलेले, म्हणजे वाचकानं "घरात" टंकलं तरी "घरांत" सापडेल. सगळ्या पुस्तकांचा मजकूर हातानं तपासून होणार नाही. नाटकं आणि स्थानिक इतिहास एवढंच तपासायचं, बाकी जसं निघेल तसं.

२ डिसेंबर

ज्यांची मृत्युवर्षं कोशांत मिळाली ती संपली. चित्रावशास्त्र्यांचा अर्वाचीन चरित्रकोश पुष्कळ कामी आला, पण तो १९४५ पर्यंतचा. त्यानंतर वारलेले आणि फार नाव न झालेले लेखक उरलेत: शिक्षक, वकील, एक पोस्टमास्तर, एक वैद्य. सांगली-साताऱ्याचं खरं लेखन यांचंच. मोठ्या लेखकांच्या प्रती महाराष्ट्रभर आहेत. यांच्या बहुतेक आमच्याकडेच.

तासगाव तालुक्यातल्या एका शिक्षकांचा कवितासंग्रह आहे. नातू मिरजेत सापडले. फोनवर विचारलं, आजोबा कधी वारले? "पौष शुद्ध द्वादशी," ताडकन उत्तर. साल? ते नाही सांगता येत. साठ वर्षं न चुकता श्राद्ध घालणाऱ्या घरात तिथी पक्की आणि साल कुणालाच नाही! हा अनुभव पहिला नव्हे. आता आम्ही साल विचारतच नाही, प्रसंग विचारतो. पानशेत फुटलं तेव्हा होते का? होते, त्यावर त्यांनी कविताही केली होती. म्हणजे जुलै १९६१ नंतर. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा? नव्हते, घराची भिंत पडली ती आजीनं एकटीनं बांधून घेतली. म्हणजे डिसेंबर १९६७ च्या आधी.

आणि नेमकी हक्काच्या साठ वर्षांची रेघ या दोहोंच्या मधून जाते. १९६५ अखेरपर्यंत गेले असतील तर येत्या १ जानेवारीपर्यंत मोकळे, त्यानंतर गेले असतील तर नाही. त्यात पौष: कधी डिसेंबरात लागतो, कधी जानेवारीत.

१६ डिसेंबर

नातवाच्या आत्या इस्लामपूरला असतात. वय नव्वदीच्या घरात, ऐकू कमी येतं, बाकी खणखणीत. त्यांनी एका वाक्यात सोडवलं: "अण्णांचे दिवस चालू होते, तेरावं व्हायचं होतं, तेवढ्यात रेडिओवर शास्त्रीजी गेल्याचं सांगितलं."

लालबहादूर शास्त्री ताश्कंदला गेले ११ जानेवारी १९६६ ला. जुनं पंचांग काढलं: त्या वर्षीची पौष शुद्ध द्वादशी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येते. तेराव्याच्या आत ११ तारीख बसते. तरी कागद हवा म्हणून नातवांनी तलाठ्याकडून जुना फेरफार काढला. वारस नोंदीत मृत्यूची तारीख आहे आणि ती जुळते.

जानेवारी १९६६. म्हणजे १ जानेवारी २०२७ ला मोकळे. आठवडाभर आधी गेले असते तर याच १ जानेवारीला झाले असते, हे मी नातवांना सांगितलं आणि सांगितल्यावर वाटलं, हे काही बोलण्यासारखं नव्हतं. ते हसले.

१ जानेवारी २०२६

१९६५ साली वारलेल्यांच्या फाइली आज खुल्या केल्या. आमच्या संग्रहात असे थोडेच. पुढची यादीही टाचणीनं फळ्यावर लावली: सावरकर २०२७, अण्णा भाऊ साठे आणि आचार्य अत्रे २०३०, वि. स. खांडेकर २०३७. वाटेगावच्या अण्णा भाऊंसाठी चार वर्षं थांबायचं, सांगलीत जन्मलेल्या खांडेकरांसाठी अकरा. त्यांची पुस्तकं दुकानात मिळतात, घाई नाही. घाई आहे ती जी कुठेच मिळत नाहीत त्यांची.

मृत्युवर्षांची आमची सगळी यादी, कुठून कळलं त्या पुराव्यासह, एका साध्या तक्त्यात करून इतर कॉलेजांना पाठवायला सुरुवात केली. स्कॅन प्रत्येकानं आपापले करावेत, मृत्यू एकदा शोधला की पुरे.

९ जानेवारी

तासगावच्या कवींच्या बाबतीत दुसरी वाट मॅडमनी काढली. मुदत संपायची वाट कशाला बघायची, वारसांनी लेखी परवानगी दिली तर आजही पुस्तक खुलं करता येतं. वारस चार शाखांत. मिरजेच्या नातवांनी सही केली, आत्यांनी अंगठा नको म्हणत सही केली, पुण्याच्यांनी पोस्टानं पाठवली. चौथे विट्याला असतात. त्यांचं म्हणणं, "आजोबांनी काय लिहिलंय ते आम्ही कधी वाचलेलंच नाही. आधी वाचतो, मग सही." रास्त आहे. फाइल पाठवता येत नाही, वाचनकक्षात बसून वाचावी लागेल, असं कळवलं. पुढच्या शुक्रवारी येतो म्हणालेत. संगणकाजवळची खुर्ची डुगडुगते, ती तोवर बदलून घ्यायला मामांना सांगितलंय.